वाल्मिकच्या नावाची मूठ

सुरतेत पिणारे किती आहेत ते विचारू नका, पण बार एकही नाही. दारूबंदीचं राज्य. ज्याला बारमध्ये बसायची हौस आहे तो शनिवारी रेल्वेने वापीला जातो, तिथून रिक्षाने दमणला, आणि रविवारी डोकं धरून परत येतो. अशा शहरात राहून बारमध्ये वाजवणारा बँड काढायची अवदसा फक्त वाल्मिकलाच आठवू शकते. आठवली. आणि मी आणि दगा, दोघेही शहाणे म्हणवणारे, त्याच्या मागे निघालो.

बँडचं नाव ‘थ्री फेज’. उधन्यात, सुरतेच्या कारखान्यांच्या वस्तीत, राहिलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. ज्या कारखान्याला थ्री फेजची वीज मिळाली त्याच्या मालकाची मान महिनाभर ताठ असते. आमची कॅसेट निघाली नाही, पेपरात फोटो आला नाही, तेव्हा शोधायच्या भानगडीत पडू नका. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या पुढच्या वर्षापासून तीनेक वर्षं आम्ही दमणमध्ये स्वतःची गाणी वाजवली आणि लोकांनी ती सोसली, एवढाच आमचा इतिहास.

वाल्मिक गोडादऱ्याचा. उधन्याला लूमच्या खात्यात कारीगर. खातं म्हणजे वर पत्रे आणि खाली ओळीने लूम, म्हणजे यंत्रमाग. आत पाऊल टाकलं की शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही, त्याच्या ओठांकडे बघून समजून घ्यावं लागतं. आयुष्य असं गेल्यामुळे वाल्मिक बाहेरही ओरडूनच बोलायचा. देवळात, दवाखान्यात, कुठेही. एका मयताला त्याने माझ्या कानात हळूच विचारलं, “किती वाजता उचलणार?” तर अख्ख्या गल्लीने त्याला वेळ सांगितली.

मी रोहित. बाबा बँकेत, आई शाळेत, मी विमा कंपनीत चिकटलेला. वाल्मिक माझ्याकडे पॉलिसी काढायला आला आणि पॉलिसी राहिली बाजूला, मलाच बँडमध्ये घेऊन गेला. कॉलेजात मी गिटार वाजवायचो असं मी बोलून गेलो होतो. तोंड आवरत नाही, त्याची फळं. दगा रंगाच्या कारखान्यात होता, हात कोपरापर्यंत कधी जांभळे तर कधी हिरवे. त्याच्याकडे ड्रम होते, कारण प्लेगच्या धास्तीने पळालेला एक ऑर्केस्ट्रावाला ते त्याच्या खोलीवर ठेवून गेला आणि पुन्हा सुरतेकडे फिरकलाच नाही. प्लेगने सुरतेचं काय वाईट केलं ते सगळे सांगतात. आमचं हे भलं केलं.

रॉक म्हणजे काय ते वाल्मिकला मालकाच्या पोराच्या कॅसेटीवरून कळलं. शब्द एकही समजला नाही. पण हे गोरे लोक आपल्या खात्याइतका आवाज काढतात आणि दुनिया त्याला गाणं म्हणते, ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली. मग आपणच काय घोडं मारलंय, असा त्याचा सवाल होता. गाणी तो स्वतः रचायचा आणि गिटार वाजवत गायचा, अहिराणीत. उधन्याच्या फाटकात ताटकळणाऱ्या प्रेमिकावर एक, वीज गेल्यावर कारीगर किती खूश होतात त्यावर एक. आणि सगळ्यात गाजलेलं ते कानांचं:

*कान गयात इकाले, कोनी लिनात नही,*
*मालक म्हने सुट्टी घे, माले आयकू उनं नही.*

म्हणजे कान विकायला गेले, कोणी घेतले नाहीत. मालक म्हणाला सुट्टी घे, तेच नेमकं मला ऐकू आलं नाही. यातली पहिली ओळ त्याने वडिलांकडून उचललेली. शालिग्राम आबांनी तीस वर्षं लूम चालवले आणि कान गमावले. कोणी “आबा, ऐकू येतं का?” विचारलं की ते ठरलेलं उत्तर द्यायचे, कान इकाले गयात.

दमणला समुद्राकडच्या रस्त्यावर टंडेलशेठचा बार होता. टंडेलशेठ मोठा समजूतदार माणूस. रात्रीचा खरा ऑर्केस्ट्रा यायच्या आधी, संध्याकाळी गिऱ्हाईक कमी असताना, त्याने आम्हाला जागा दिली. कमी गिऱ्हाइकांत तोटाही कमी, असा त्याचा हिशेब. अडचण एकच होती, लोक सिनेमाची गाणी मागायचे. आमचं स्वतःचं गाणं सुरू झालं की चणे फेकायचे. वाल्मिकने तोड काढली. माईकवर तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, “दोस्तो, ये गाना आनेवाली पिक्चर ‘उधना का शेर’ का है.” मग लोक मान डोलवून ऐकायचे. पिक्चरचं आहे म्हटल्यावर चांगलं असणारच. दोन महिन्यांनी एक हिरेवाला टंडेलशेठशी भांडला, की पिक्चर कधी लागणार ते हॉटेलवाल्याला माहीत कसं नाही.

परतीला गुजरातच्या हद्दीवर चेकनाका. तिथला पोलीस प्रत्येकाचं तोंड हुंगायचा. आम्ही तिघेही न पिणारे. दगाला तर वासानेच मळमळायचं. तरी तोंडं उघडावी लागायची आणि ड्रमही. बाटली लपवली असेल म्हणून दर शनिवारी दगाला ड्रमचं कातडं काढून दाखवावं लागे. पुढे पुढे तो पोलीस स्वतःच काढून स्वतःच बसवून द्यायला लागला, आणि खरं सांगायचं तर दगापेक्षा चांगलं बसवायचा.

हे सगळं घरी माहीत नव्हतं. आबा माळकरी. दारूचं नाव घेतलं तरी चूळ भरणारे. वाल्मिक शनिवारी जादा पाळी करतो अशी त्यांची समजूत होती. ती मोडली भूपेंद्रने. भूपेंद्र म्हणजे वाल्मिकचा चुलतभाऊ, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या धुडकूकाकाचा मुलगा. एका शनिवारी तो टंडेलशेठच्या बारमध्ये बसून वाल्मिकचं गाणं ऐकून गेला आणि सोमवारी आबांच्या कानात जोराने सांगून आला.

आबा म्हणाले, “तू कसाकरता गयथा तठे?”

“कामवर गयथू,” भूपेंद्र म्हणाला. दमणच्या बारमध्ये त्याचं काय काम असेल ते त्याचं त्याला ठाऊक. आबांनी पुढे विचारलं नाही. सरळ माणसांची हीच तर खोड, दुसऱ्याचं खोटं त्यांना चटकन पटतं.

वाल्मिक घरी आला तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. तो म्हणाला, “आबा, मी पेत नही. मी नुसता गास.”

“बारनी पायरी जो चढना,” आबा म्हणाले, “त्यानी मूठ बंद.”

ही मूठ काय ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडे नसते, मलाही तेव्हाच कळलं. खानदेशातल्या लोकांची कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी बसते, नारळाला नथ घालून, दागिने चढवून. तिच्यासाठी रोट करतात. रोटाचे गहू मापाने घेत नाहीत, माणसांवर घेतात. कुळातला जो कोणी पुरुष जिवंत आहे त्याच्या नावाने सव्वा मूठ. काल जन्मलेल्या पोराचीही सव्वा, खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याचीही सव्वा. भाऊबंदकीतल्या सगळ्यात मोठ्याने एकेकाचं नाव घेऊन मुठी काढायच्या. सुरतेतल्या त्यांच्या कुळात सगळ्यात मोठा म्हातारा भेस्तानला लकव्याने अंथरुणाला खिळलेला, म्हणून तो मान आबांचा. मूठ नाही निघत ती मेलेल्याची.

मला ही गोष्ट फार मोठी वाटली नाही. मी वाल्मिकला म्हटलं, “मूठभर गव्हाचं काय घेऊन बसलास? मी तुला गोणी आणून देतो.”

त्यावर तो चिडला नाही. हळू बोलला. त्याला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

“काका गेला त्या वर्षी मी शेजारी बसलो होतो,” तो म्हणाला. “आबांनी सवयीनं काकाचं नाव घेतलं. हात गव्हात घातला. मग हात तसाच राहिला. मूठ उघडून त्यांनी गहू परत सोडले. माझ्या नावाला पण तसंच करतील रे. मी समोर बसलेला असेन आणि आबा गहू सोडतील.”

“मग बार सोड,” मी म्हटलं.

“सोडतो,” तो म्हणाला. “मग गाऊ कुठे? खात्यात?”

मी दगाकडे बघितलं. दगा कोपराचा जांभळा रंग खरवडत बसला.

मार्ग काढला मालतीबाईंनी, म्हणजे वाल्मिकच्या आईने. त्या बोलायच्या कमी, पण बोलल्या की आबांना पहिल्या फटक्यात ऐकू जायचं. त्या म्हणाल्या, “दुसराना तोंडनं आयकीसन पोऱ्यानी मूठ बंद करतस का? आधी दखी या. मंग बंद करा.”

आधी स्वतः बघायचं, मग निकाल द्यायचा, हे आबांना पटलं. न्यायाचा माणूस. श्रावण लागायच्या आत हे प्रकरण निकालात काढावं, म्हणजे पवित्र महिन्यात डोक्याला ताप नको, असा विचार करून त्यांनी आषाढातला शेवटचा शनिवार ठरवला. जन्मात दारूला न शिवलेल्या माणसाकडूनच ही चूक होऊ शकते. श्रावणभर पिता येत नाही म्हणून सगळे पिणारे त्या दिवशी महिन्याभराची बेगमी करून घेतात, हे त्यांना कोण सांगणार? ज्यांना माहीत होतं ते दमणच्या तयारीत होते.

आम्ही चौघे निघालो. धोतर, टोपी, गळ्यात माळ, हातात घरच्या पाण्याची बाटली, असे आबा वापीच्या रिक्षात बसले. रिक्षात दाटीवाटीने बसलेला एक जण त्यांच्या पाया पडला आणि उतरताना म्हणाला, “काका, आपने भी आज ही मुहूर्त निकाला?” आबांना ऐकू आलं नाही. बरं झालं.

बार गच्च भरला होता. आबा पायरीशी थांबले. पायरीकडे बघितलं. मग चपला काढून, देवळात चढावं तसे आत आले. टंडेलशेठने धावत येऊन त्यांना स्पीकरजवळची चांगली खुर्ची दिली. आबा बसले, आणि मग त्यांनी सगळीकडे नजर फिरवली.

पोरंटोरं सोडली तर अख्खी भाऊबंदकी तिथे होती. उधन्याचे होते, गोडादऱ्याचे होते, भेस्तानचे दोघे सख्खे भाऊ होते, ज्यांचं एकमेकांशी सात वर्षं बोलणं नव्हतं आणि जे एकाच प्लेटमधले मासे खात होते. आबांना बघून एकाने ग्लास शेजाऱ्यासमोर सरकवला. शेजाऱ्याने तो परत सरकवला. भूपेंद्र चप्पल शोधायला म्हणून टेबलाखाली गेला तो बराच वेळ त्याला चप्पल सापडेना. कोणी उठून जाईना, कारण जायचं म्हणजे आबांच्या समोरूनच जावं लागलं असतं.

वाल्मिक गिटार गळ्यात अडकवून उभा. मी त्याच्याकडे बघतोय, तो आबांकडे बघतोय. शेवटी दगाला राहवलं नाही. दगाला ताणाताणीत काही सुचत नाही, म्हणून त्याने ड्रम बडवायला सुरुवात केली. कानांचंच गाणं. वाल्मिकला गावंच लागलं. त्या दिवशी त्याने ‘आनेवाली पिक्चर’ वगैरे काही सांगितलं नाही.

आबा त्याच्या ओठांकडे बघत होते, खात्यात बघायचे तसे. आपलंच वाक्य पोराच्या तोंडून निघालेलं त्यांनी ओठांवरून वाचलं. कपाळाला आठी पडली. मग त्यांचा पंजा टेबलावर टेकला, कारण टेबल थरथरत होतं. त्यानंतर त्यांनी ओठांकडे बघणं सोडलं आणि डोळे मिटून घेतले.

मला समजायला वेळ लागला. गल्लीतल्या भजनाला आबा दर गुरुवारी मृदंगाला खेटून बसतात आणि दुसऱ्यांच्या माना हलतात तशी आपली हलवतात. त्यांना त्यातलं काही पोचत नाही. आमचा आवाज पोचला. सभ्य माणसाने कानात बोळे घालावेत असा आमचा आवाज, फाटक्या स्पीकरचा, बेसुऱ्या तारांचा, आणि तो त्या बिचाऱ्याला इतक्या वर्षांनी ऐकू आलेला पहिला गाण्याचा आवाज होता. ते ध्यानात आलं आणि मी दोन जागी चुकलो. दगाने तेवढ्यातही माझ्याकडे रागाने बघितलं.

आबा उठले नाहीत. आमची सगळी गाणी होईपर्यंत बसून राहिले, आणि त्यांच्यामुळे भाऊबंदकीही बसून राहिली, समोरचे ग्लास गरम करत. टंडेलशेठ नंतर म्हणाला, एवढं भरलेलं हॉटेल आणि एवढी कमी विक्री त्याने उभ्या आयुष्यात बघितली नव्हती.

परतीला चेकनाक्यावर पोलिसाने आबांनाही तोंड उघडायला लावलं. मी मध्ये पडणार होतो. त्यांनी हाताने मला थांबवलं आणि निमूटपणे तोंड उघडलं. पोलिसाने हुंगलं. मग वाल्मिकचं हुंगलं. आबा ते बघत होते. ड्रमचं कातडं निघालं, बसलं. गाडीत उधन्यापर्यंत आबांनी मूठ आहे की नाही ते सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती झाली नाही.

आठवड्याने रोटाचे गहू काढायचा दिवस आला. वाल्मिक मला म्हणाला, “तू ये. आबांनी गहू सोडले तर तिथून मला कोणीतरी उठवायला पाहिजे.” मी गेलो. परक्या कुळाचा म्हणून दाराशी बसलो. रोट आम्हाला खायला मिळत नाही, नियम म्हणजे नियम. बघायला मनाई नव्हती.

खोली सारवल्यासारखी स्वच्छ. मध्ये गव्हाची रास, तिच्यापुढे सूप, सुपामागे आबा. भाऊबंदकी भिंतीला पाठ लावून बसलेली, सगळ्यांचे डोळे जमिनीत. बारची पायरी चढला त्याची मूठ बंद हा आबांचाच निकाल, आणि आबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. नियम लावला असता तर उरत होते पाळण्यातली पोरं आणि भेस्तानचा तो लकवा झालेला म्हातारा, आणि त्या म्हाताऱ्याचाही पाय चालता असता तर मी खात्री दिली नसती.

आबांनी नावं घ्यायला सुरुवात केली. वयाने मोठा आधी, हा क्रम. भेस्तानच्या म्हाताऱ्याची मूठ पडली. मग ते सात वर्षं अबोला धरलेले दोघे भाऊ. आबांनी थोरल्याकडे एकदा बघितलं, त्याने मान आणखी खाली घातली, आणि मूठ सुपात पडली. धाकट्याचीही पडली. भूपेंद्रचं नाव आलं. आबा म्हणाले, “चप्पल सापडनी का?” भूपेंद्र म्हणाला, “सापडनी.” त्याचीही पडली. खोलीत कोणी हसलं नाही, मी सोडून.

मग आबा म्हणाले, “वाल्मिक शालिग्राम.”

हात गव्हात गेला आणि थांबला. वाल्मिकने माझा गुडघा धरला; तो दाराशी माझ्याजवळ सरकून बसला होता हे मला तोवर कळलंच नव्हतं. आबांनी मान वर केली, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, परत त्याच्याकडे. मूठ बाहेर आली. आवळलेलीच. सुपावर गेल्यावर उघडली. मग पाव मूठ. मग पुढच्या पोराचं नाव. माझा गुडघा सुटला. दोन दिवस दुखत होता.

शेवटचं तान्हं पोर झालं. आबांनी हात झटकले आणि सूप बाजूला सरकवलं. तेव्हा आतल्या दारातून मालतीबाई म्हणाल्या, “आनि तुमनी मूठ?”

सगळ्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. वयाने आबा भेस्तानच्या म्हाताऱ्याच्या पाठचे, त्यांचं नाव दुसरं यायला हवं होतं. ते आलंच नव्हतं.

“मनी नही,” आबा म्हणाले. “मी भी पायरी चढनू.”

“तुम्ही दखाले गयथात,” मालतीबाई म्हणाल्या.

“दखाले गयथू. दखीसन लगेच उठी येवाले पाहिजे व्हतं. बठी ऱ्हायनू.” एवढ्या लोकांत बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण कानबाईच्या गव्हासमोर खोटं बोलणाऱ्यातले ते नव्हते. “ह्या पेवाले गयथात, यास्ले तठे काय आयकू उनं? माले आयकू उनं. माले गोड वाटनं. म्हनीसन मनी बंद.”

प्यायला गेलेले सुटले आणि गाणं गोड लागलं तो गुन्हेगार, असा हा निकाल. भाऊबंदकीतल्या मोठ्याने स्वतःचीच मूठ नाकारली तर काय करायचं, हे कोणाच्या बापजाद्यांनी सांगून ठेवलेलं नव्हतं. मूठ काढायचा मान मोठ्याचा. दुसऱ्याने गव्हाला हात लावायचा नसतो.

वाल्मिक उठला. लोकांचे पाय ओलांडत पुढे गेला, राशीपुढे बसला, आणि त्याने गव्हात हात घातला. तारांनी सोललेली बोटं, नखं काळी. कोणीतरी “अरे, अरे” म्हणालं. त्याने तिकडे बघितलं नाही.

“शालिग्राम धोंडू,” तो म्हणाला. खात्यातल्यासारखा, ओरडून. आबांना ऐकू जावं म्हणून. आणि मूठ सुपात सोडली.

आबा सुपाकडे बघत राहिले. डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. वाल्मिक उठायला लागला तसा त्यांनी त्याच्या मनगटाला धरून त्याला परत खाली बसवलं.

“सव्वा मूठ ऱ्हास,” आबा म्हणाले. “पाव कोन टाकी?”